बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



बिबवेवाडीत आमच्या घराखालून पहाटे मार्केट यार्डाकडे भाजीचे टेम्पो जातात. कोविडच्या दिवसांत ते विरळ झाले, ऐकू यायच्या त्या रुग्णवाहिकाच. आई दवाखान्यात होती. मी रोज गुडघे टेकून प्रार्थना करत असे. पण मनातली धडधड थांबेना. अठराव्या दिवशी आई घरी आली, तरी ती धडधड राहिलीच. माझा विश्वासच तोकडा, असं वाटायचं.

पुढे पंडिता रमाबाईंची १९०७ मधली साक्ष वाचली. दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मग थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. कडेवर वर्षाचीही न झालेली लेक मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि एवढ्या विदुषी बाई मोकळेपणानं सांगतात, की तेव्हा त्यांना धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. या आठ वर्षांनी मला जो धीर दिला, तो कुठल्याच प्रवचनानं दिला नव्हता.

ख्रिस्त म्हणजे मशीहा, आणि मशीहा म्हणजे अभिषिक्त. राज्याभिषेक आपल्याला ठाऊक आहे. पण या राजाच्या वाट्याला सिंहासनाऐवजी वधस्तंभ आला, म्हणून तर रडणाऱ्याला त्याच्याजवळ बसवतं.

ख्रिस्त सापडून शांती लाभल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या असंही नाही. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे जे हाल झाले, त्यावर सरकारला जाहीर जाब विचारला. मन निवांत असलेलं माणूसच असं निर्भय बोलू शकतं, असं मला वाटतं.

साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हिब्रूतला 'शालोम' आपण 'शांती' म्हणून वाचतो. त्यात कुशल आहे, आणि काही उणं न राहणंही आहे. रमाबाईंचे कान जवळजवळ गेले होते. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. भाषांतराचं काम मात्र चालूच राहिलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच मुली खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं.