लेसर यंत्रात काय ठेवावे, काय ठेवू नये
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही, कारागीर आहे. नागपुरात माझे लेसर कटिंगचे लहानसे वर्कशॉप आहे. लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या, शाळांच्या ट्रॉफ्या, रबरी शिक्के अशी कामे आम्ही करतो. अलीकडे अनेक पालक माझ्याकडे येऊन विचारतात, "भाईसाहेब, मुलाला बारावीनंतर लेसरची मशीन घेऊन द्यावी काय?" मशीन किती वॉटची घ्यावी, किमतीला काय पडेल, बँकेचा हप्ता किती बसेल, हे सर्व विचारतात. परंतु त्या मशीनमध्ये ठेवायचे काय, हे आजवर एकाही पालकाने विचारलेले नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे, आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

प्रथम थोडे शास्त्र. जगातील पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. आमच्या धंद्यातील यंत्रे मात्र कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरवर चालतात. हा लेसर १९६४ साली बेल लॅबोरेटरीज या संस्थेत कुमार पटेल यांनी तयार केला. विद्यार्थी मित्रहो, हे पटेल १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. लग्नपत्रिकेवरची नाजूक जाळी पाहाल, तेव्हा हे नाव आठवावे.

या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या लहरीची लांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त. सारे रहस्य या लांबीत आहे. लाकूड, कागद, कातडे, सुती कापड, रबर आणि ॲक्रिलिक या वस्तू ही लहर पिऊन घेतात आणि जागच्या जागी जळतात किंवा वाफ होऊन जातात. चकचकीत धातू मात्र ती परत फेकतो. म्हणून स्टीलच्या डब्यावर किंवा पितळेच्या पाटीवर नाव घालण्यासाठी दुसऱ्या जातीचा, फायबर लेसर लागतो. त्याची लहर सुमारे १.०६ मायक्रॉनची असते. स्वस्तात मिळणारी निळ्या प्रकाशाची छोटी यंत्रे पारदर्शक ॲक्रिलिक कापत नाहीत, कारण तो प्रकाश काचेतून जावा तसा त्यातून आरपार निघून जातो. "सर्व काही कापते" असे विक्रेता सांगू लागला, की त्याच्यापुढे एक पारदर्शक पट्टी ठेवा आणि "कापून दाखवा" म्हणा.

आता माझी चूक सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मला डायरीच्या वेष्टनांची मोठी ऑर्डर मिळाली. माल देणाऱ्याने काळ्या रंगाचे गुंडाळे आणून दिले आणि "लेदर आहे" असे सांगितले. मी शहानिशा केली नाही. त्या वेळी माझ्या हाताखाली एक मुलगा काम शिकत होता, नुकताच बारावीची परीक्षा देऊन आलेला. दुपारभर आम्ही तो माल कापला. धुराला उग्र, आंबट वास होता. पंखा लहान आणि उन्हामुळे खिडकी बंद. संध्याकाळपर्यंत माझा घसा जळू लागला आणि त्या मुलाला खोकल्याची उबळ थांबेना. पुढे कित्येक दिवस त्याचा श्वास भरून येत असे. त्याची आई वर्कशॉपात आली आणि एवढेच म्हणाली, "तुम्ही त्याला हुन्नर शिकवणार होता ना?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तो माल कातडे नव्हताच, रेक्झिन होते. रेक्झिनवर पीव्हीसीचा थर असतो. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असते आणि लेसरने ते जाळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हवेतल्या दमटपणात तो मिसळला की त्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड होते, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीवर लाल चिठ्ठी लावून ठेवतात तेच. ते आमच्या छातीत गेले आणि यंत्रातही गेले. आठ दिवसांत यंत्राच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज चढला आणि भिंग निकामी झाले. मुलगा बरा झाला, अल्लाहचे उपकार. परंतु भिंग बाजारात मिळते, फुप्फुस मिळत नाही, एवढे मला त्या दिवशी समजले.

पीव्हीसी अनेक नावांनी घरात येते, हे माता-भगिनींनी विशेष लक्षात घ्यावे. शाळेच्या मॉडेलसाठी मुले जो पांढरा सनबोर्ड आणतात, तो बहुधा पीव्हीसीचाच असतो. फ्लेक्स, गाड्यांवर चिकटवायचे व्हायनिल, फर्निचरसाठी हल्ली वापरतात तो प्लास्टिकचा बोर्ड, यांतही पीव्हीसी असते. "मॉडेल आहे हो, पाच मिनिटांचे काम," असे म्हणत शाळेची मुले सनबोर्ड घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. सनबोर्ड कटरने कापावा. जाड बोर्डाची जाळी हवी असेल तर राउटर यंत्रावर, फिरत्या पात्याने कापून घ्यावी. तेथे काही जळत नाही.

ओळखायचे कसे? नाव आणि रंग यांवर विसंबू नये. तांब्याची जाड तार घ्या, एका टोकाला लाकडी मूठ लावा. तार गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योतीचा रंग नेहमीसारखा झाला की ती मालाच्या एका कोपऱ्याला टेकवा, म्हणजे थोडे प्लास्टिक तारेला चिकटेल, आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर मालात क्लोरीन आहे. तो माल परत करावा. ही परीक्षा मोकळ्या हवेत आणि नखाएवढ्या तुकड्यावरच करावी. माझ्या वर्कशॉपात ती तार दाराशीच खिळ्याला टांगलेली असते आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या मालालाही तिच्यातून सूट नाही.

खऱ्या कातड्यातही भेद आहे. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे चांगले कोरले जाते. क्रोम लावून कमावलेले मी घेत नाही, कारण त्याच्या धुरात आणि राखेत क्रोमियम राहते.

ॲक्रिलिक हा आमचा मुख्य माल. तो दोन जातींचा येतो. साच्यात ओतून केलेल्या, म्हणजे कास्ट ॲक्रिलिकवर कोरले की अक्षर दुधासारखे पांढरे उमटते. ट्रॉफीसाठी तोच घ्यावा. यंत्रातून दाबून काढलेला ॲक्रिलिक स्वस्त असतो आणि कापलाही लवकर जातो, पण त्यावर अक्षर फिके दिसते आणि कडेला वितळलेली तार राहते. दुकानदाराने जात सांगितली नाही तर कोपऱ्यावर एक अक्षर कोरून पाहावे. ॲक्रिलिकची वाफ पेट घेते, हेही विसरू नये. चहाला गेलो आणि परत येईपर्यंत झाकणाखाली ज्वाला, असे या धंद्यात होऊ शकते. यंत्र चालू असताना माणूस जवळ पाहिजे आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी पाहिजे.

एमडीएफ एकसारखा कापला जातो, मात्र त्याच्या गोंदात फॉर्मॅल्डिहाइड असते, म्हणून धूर नळीने थेट बाहेर गेला पाहिजे. प्लायवुड फसवे असते. आतल्या थरात कुठे गाठ, कुठे गोंदाचा गोळा. नऊ ठिकाणी आरपार जाते, दहाव्या ठिकाणी अडते. वॉटरप्रूफ प्लायच्या तर वाटेलाच जाऊ नये. आपल्या विदर्भातील सागवानावर अक्षर गडद आणि देखणे उमटते. बांबूही चांगला, पण पेरापाशी तो कठीण असतो. नाव दोन पेरांच्या मधेच घालावे.

आता सेटिंगकडे वळतो. गृहिणींना हे चटकन समजेल, कारण इस्त्रीचा नियम तोच आहे. इस्त्री किती तापली आहे आणि कापडावरून किती वेगाने फिरते, या दोहोंवर कापड सरळ होणार की करपणार हे ठरते. लेसरमध्ये ताकद आणि वेग यांचे असेच नाते आहे. कापताना वेग कमी, ताकद जास्त. कोरताना वेग जास्त, ताकद कमी. माझ्या ६० वॉटच्या यंत्रावर ३ मिलिमीटरचा ॲक्रिलिक मी सेकंदाला सुमारे १२ मिलिमीटर वेगाने आणि ६५ टक्के ताकदीने कापतो. कोरताना वेग ३०० मिलिमीटर आणि ताकद १५ ते २० टक्के, दोन ओळींत ०.१ मिलिमीटर अंतर. परंतु हे आकडे वहीत उतरवून घेऊ नका. नळी जुनी झाली की तिची ताकद घटते, भिंगावर धूर बसला की आणखी घटते. दुसऱ्याच्या चष्म्याने वाचावे तसे ते होईल.

त्याऐवजी प्रत्येक नव्या मालाची नमुनापट्टी करावी. टाकाऊ तुकड्यावर बोटाच्या नखाएवढे २५ चौकोन काढावेत, आडव्या ओळीत वेग बदलत आणि उभ्या ओळीत ताकद बदलत. पाहताक्षणी कळते कुठे अपुरे आहे, कुठे करपले आहे. त्यापूर्वी फोकस तपासावा. भिंगापासून मालाचे अंतर एक-दोन मिलिमीटरने चुकले तरी रेषा जाड होते, आणि मग लोक ताकद वाढवत बसतात. खाच आणि जीभ बसवून डबा करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. किरण स्वतःच्या जाडीएवढा माल खाऊन टाकतो. १०० मिलिमीटरचा चौकोन कापून मोजला तर ९९.८ च्या आसपास भरतो. नकाशात ही तूट भरून काढली नाही, तर डबा हातात खुळखुळतो.

नागपूरकरांसाठी एक खास गोष्ट. लेसरची नळी पाण्याने थंड ठेवावी लागते. पाणी १५ ते २५ अंशांत असावे, ३० च्या वर गेले की काम थांबवावे. स्वस्त यंत्राबरोबर पाणी गार करण्याची जी पेटी देतात, तिच्यात नुसता पंखा असतो. भोवतालच्या हवेपेक्षा गार पाणी ती करूच शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. तेव्हा त्या पेटीचा उपयोग काय? नळी महिन्याभरात बसते आणि गिऱ्हाईक मशीनला दोष देते. पालकांनी वॉट थोडे कमी घ्यावेत, पण कॉम्प्रेसर असलेला चिलर घ्यावा. आणि चांगली अर्थिंग. त्या नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो.

आपल्या मुलांना एका कामात विशेष मागणी आहे, ते म्हणजे उर्दू-अरबी अक्षरांच्या पाट्या. देवनागरी शब्द कापला तर शिरोरेषा सर्व अक्षरांना धरून ठेवते. उर्दूत तसे नाही. नुक्ते सुटे असतात आणि कापताच जाळीतून खाली पडतात. नुक्त्यांची संख्या किंवा जागा चुकली की अक्षरच दुसरे होते, 'बे'चा 'पे' किंवा 'ते' होण्यास वेळ लागत नाही. म्हणून नुक्त्यांना बारीक पुलाने अक्षराशी जोडावे, नाहीतर मागे पातळ पाटी देऊन ते मोजून चिकटवावे. कापण्यापूर्वी लिपी जाणणाऱ्या बुजुर्गाकडून मजकूर वाचून घ्यावा. आयतीचा मजकूर असेल तर उरलेले तुकडे केरात जाऊ देऊ नयेत.

मागच्या टेबलावर दोन नमुनापट्ट्या, रेक्झिन आणि खऱ्या कातड्याचा एकेक तुकडा, आणि ती तांब्याची तार ठेवली आहे. तो मुलगाही आज आला आहे. त्याचे आता स्वतःचे यंत्र आहे. तार कशी धरायची ते तोच बाहेर अंगणात दाखवील.