पेट्रोलच्या टाकीचं झाकण
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कमिटीने मला 'घरच्या घरी करता येणारी कामं' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. हातात पेन आणि शिक्का. पाना-पक्कड कधी धरली नाही. आमच्या सौ. तर म्हणाल्या, "तुम्ही? आणि कामं?" पण एक काम मी सत्तरीत शिकलो. गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदलणं. काम पंधरा मिनिटांचं, पण ते शिकायला मला दोन महिने लागले. ते का, तेही आज सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही साताऱ्याहून परत येत होतो. महामार्गावर पेट्रोल भरलं. त्या वेळी झाकण गाडीच्या टपावर ठेवलं गेलं आणि तिथेच राहिलं. घरी आल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून दीडशे रुपयांचं झाकण आणलं. फिरवलं, बसलं. विषय संपला असं मला वाटलं. व्हाउचर न वाचता पास केलं म्हणा ना.

आठवडाभरात आपल्या पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला. मे महिन्याची सुट्टी, मुलं दिवसभर खाली खेळतात, आणि शेजारीच मीटर रूम. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, गटारात साचते. आणि पेट्रोल पेट घ्यायला उन्हाळा लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. म्हणजे काळजी खरी होती. चूक झाली ती पुढे.

माझ्या गाडीशेजारी तळमजल्यावरच्या एका तरुण सभासदाची जुनी स्कूटर असायची. मी ठरवून टाकलं, गळती तिचीच. कमिटीकडे लेखी अर्ज दिला, तोही बँकेच्या भाषेत, मुद्देसूद. त्या मुलाला स्कूटर बाहेर लावायला सांगण्यात आलं. पंधरा दिवस ती उन्हात उभी होती. तो एका शब्दाने बोलला नाही.

स्कूटर गेली, वास राहिला.

एका रविवारी तो वर आला आणि म्हणाला, "काका, रागावणार नसाल तर तुमच्या गाडीचं झाकण बघू का? तुम्ही टाकी फुल केली की दुसऱ्या दिवशी वास जास्त येतो." मी गप्प झालो. बँकेत ताळा जुळला नाही की आधी आपलं स्वतःचं लेजर तपासायचं, हे मी कितीतरी ज्युनिअर्सना शिकवलं होतं.

खाली गेलो. झाकण वरून घट्ट, पण आतली रबरी रिंग टाकीच्या तोंडावर नीट टेकतच नव्हती. मॉडेल वेगळं, त्यामुळे बारीक फट राहत होती. फट राहिली की नुसती वाफ बाहेर येते असं नाही, पावसाचं पाणीही आत जातं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि गाडी रुसते.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं नाना पेठेत गेलो आणि योग्य झाकण आणलं. आता काम कसं केलं ते सांगतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी लक्षात ठेवा.

पहिलं, खरेदी. गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल हे सांगा आणि शक्य असेल तर जुनं झाकण सोबत न्या. आटे, रुंदी, रबरी रिंग, सगळं जुळलं पाहिजे. पेट्रोल खर्च होतं तशी टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी बऱ्याच झाकणांत छोटा व्हॉल्व्ह असतो. चुकीचं झाकण लावलं तर टाकीत निर्वात होऊन गाडी अडखळू शकते. कधी नुसती रिंग खराब असते आणि काही गाड्यांना ती सुटी मिळते, आधी विचारा.

दुसरं, जागा. गाडी पार्किंगमधून बाहेर मोकळ्या हवेत घ्या. इंजिन बंद, किल्ली काढलेली. जवळ सिगारेट, उदबत्ती, काहीही पेटतं नको. मुलांना लांब ठेवा. झाकणाला हात लावण्याआधी गाडीच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. टाकी काठोकाठ भरलेली नसेल तर उत्तम.

तिसरं, जुनं काढणं. झाकण सावकाश फिरवा, आतला दाब निघू द्या. झाकणाला प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती कुठे अडकवली आहे त्याचा आधी फोटो काढा. काही गाड्यांत ती बाहेरच्या छोट्या दारात असते, काहींत टाकीच्या नळीवर. बेतानेच ओढा. नळीचं तोंड कोरड्या, सूत न सुटणाऱ्या कापडाने पुसा. गंज किंवा पोचा दिसला तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला दाखवा. नवीन झाकण ते दुखणं बरं करणार नाही.

चौथं, नवीन बसवणं. आधी पट्टी अडकवा, मग झाकण सरळ ठेवून फिरवा. तिरकं बसलं तर आटे खराब होतात. टिकटिक आवाज करणारं झाकण असेल तर तो आवाज येईपर्यंत फिरवा. किती टिक ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. किल्लीचं असेल तर किल्ली फिरते का ते पाहा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या. येत असेल तर गळती दुसरीकडे आहे. मग गाडी मेकॅनिकलाच दाखवायची.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. झाकण हरवलं म्हणून तोंडात फडका कोंबू नका. तो पेट्रोल शोषून दिव्याच्या वातीसारखा होतो.

माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला हे फोनवर सांगितलं तर ती हसली. तिच्या गाडीत झाकण सैल राहिलं तर वाफ गळते हे गाडीच ओळखते आणि समोर इंजिनाचा दिवा लागतो. माझ्या गाडीत असा दिवा नव्हता. माझा दिवा तळमजल्यावर राहत होता.

त्या मुलाची मी तेव्हा घरी जाऊन माफी मागितली होती. पण तक्रार मी कमिटीपुढे, सगळ्यांसमोर केली होती आणि माफी मात्र बंद दाराआड. हा हिशोब बरोबर नाही. सोसायटीच्या पंचविसाव्या वर्षात तो पुरा करतो. तो आज मागच्या रांगेत बसला आहे. बाळा, त्या पंधरा दिवसांचं ऊन मला परत घेता येत नाही. पण चूक माझी होती, हे इथे सगळ्यांसमोर सांगतो.

आणि सेक्रेटरीसाहेब, माझा तो अर्ज अजून फायलीत असेल, तर त्यावर 'अर्जदाराची चूक' एवढा शेरा मारून घ्या. सही मी करतो.