अंबाजोगाईची पासोडी



इटलीतील फ्लॉरेन्स नगरात सांता क्रोचे नावाचे पुरातन ख्रिस्तमंदिर आहे. मायकेल अँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या तेथे एकाच छताखाली आहेत. 1737 साली गॅलिलिओच्या अस्थी तेथील नव्या समाधीत नेताना त्याचे एक बोट काढून घेण्यात आले. ते त्याच नगरातील संग्रहालयात आजही जपलेले आहे. थोर पुरुषाचे काहीतरी आपल्यापाशी उरावे, ही मनुष्याची ओढ सर्वत्र सारखीच. तिचे आपल्याकडील रूप पाहावयाचे, तर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस जावे.

तेथे जयंती नदीच्या काठी योगेश्वरीचे देऊळ आहे. कोकणातील कित्येक घराण्यांची ही कुलस्वामिनी. जवळच हत्तीखाना नावाची लेणी असून, खडकातून कोरलेला प्रशस्त मंडप व पाषाणाचे हत्ती पाहून मन थक्क होते. गावाबाहेर, बालाघाटच्या कुशीत, ‘विवेकसिंधू’कर्त्या मुकुंदराजांची समाधी आहे. गावात दासोपंतांची.

दासोपंत (1551–1615) गॅलिलिओहून तेरा वर्षांनी वडील. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख सांगतात, रोज एका ढब्बूची शाई त्यांना लागे, अशीही आख्यायिका आहे. परंतु त्यांची खरी ठेव म्हणजे त्यांची पासोडी. सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा जाड्याभरड्या सुती वस्त्रावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले.

पंचीकरण म्हणजे काय? प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा, आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा एकेक अष्टमांश. या मिश्रणातून सृष्टी आणि आपला देह घडतो, असे वेदान्त सांगतो. थंडीत आपण जी पासोडी देहावर पांघरतो, तिच्यावरच या पुरुषाने देह कशाचा झाला आहे ते लिहून ठेवले!

फ्लॉरेन्सकरांनी लिहिणारे बोट जपले. अंबाजोगाईने लिहिलेले अक्षर जपले. मला दुसरी ठेव अधिक मोलाची वाटते. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही येते. बोटाचे केवळ दर्शन घेता येते. अक्षर मात्र वाचावे लागते. सुमारे चार शतकांचे हे सूत आहे, ते पाषाणाप्रमाणे टिकणारे नव्हे. वस्त्राचा सांभाळ थोड्यांच्याच हाती असतो. त्यावरील अर्थाचा सांभाळ आपणां सर्वांच्या हाती आहे. समाधीपुढे हात जोडून परतणारे पुष्कळ असतात. आपण जाल तेव्हा दासोपंतांच्या चार ओव्या वाचून जावे, एवढीच माझी विनंती.