शतावधान्याची पेढी

मंडळी, तुमच्यापैकी एका ताईंनी निमंत्रणासोबत लिहिलं होतं, "इथे ऑफिसात एका वेळी एकच काम, आणि घरी आम्ही चार कामं एकदम ओढतो. आमचं चुकतंय का?" मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी वेळ वापरण्याच्या या दोन रीती वेगळ्या करून दाखवल्या. त्या तुम्ही रोज जगताय, तेव्हा त्यात शिरत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. मीटिंग ऐकता ऐकता ईमेल लिहिणाऱ्याला आपण कौतुकानं शतावधानी म्हणतो. पण खरं शतावधान, म्हणजे एकाच सभेत शंभर गोष्टींचं अवधान राखणं, वेगळं असतं. जैन तत्त्वचिंतक आणि जवाहिरे श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुंबईत शतावधानाचा जाहीर प्रयोग केला. अवधानाच्या सभेत पृच्छक पाळीपाळीनं विचारतात. एक जण तर मुद्दाम अवांतर बोलून व्यत्यय आणतो. अवधानी एकाला थोडं उत्तर देतो, त्याचा धागा मनात राखतो आणि मगच दुसऱ्याकडे वळतो. समोर असेल त्याला त्याचं सगळं लक्ष मिळतं! याच राजचंद्रांना गांधीजी १८९१ मध्ये भेटले. त्यांनी पाहिलं ते असं: जवाहिराच्या पेढीवरचा व्यवहार आटोपला, की हा माणूस लगेच धर्मग्रंथ नाहीतर स्वतःची वही उघडी. 

आपलं तसं होत नाही. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की काम अर्धवट सोडून उठलं तर मन त्यातच रेंगाळतं आणि पुढचं काम बिघडतं. त्यावर त्यांनीच नंतर तपासलेला उपाय सोपा आहे. उठण्याआधी कुठवर आलो आणि परतल्यावर आधी काय करायचं, एवढं लिहून ठेवायचं. ताई, चार कामं घ्या, पण प्रत्येकाची अशी खूण ठेवा.

(श्रोत्यांतून: पोळ्या लाटताना आईशी फोनवर बोलते, ते बंद करू?)

मुळीच नको! लाटणं हाताला पाठ असतं.

(आणि गाडी चालवताना? हात मोकळेच असतात.)

इथे मात्र मी हट्टानं नाही म्हणेन. हात मोकळे असले तरी लक्ष फोनवरच जातं. यूटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. शेजारी बसलेला माणूस पुढची गर्दी पाहून बोलणं थांबवतो. फोनवरच्या आईला तुमचा रस्ता दिसत नाही. निघण्याआधीच तिला सांगा, पोचल्यावर बोलू.