नियम कुणाच्या मानेवर?

(तळोदा येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



कामाच्या जागी बाई-पुरुषांनी कसं वागायचं, कुणी कुणाशी जमवायचं, याचे नियम असावेत का, असा सवाल आहे. मी गोदीत ओझी वाहणारा, मॅट्रिक शिकलेला. नियम दिसला की मी पहिलं विचारतो, हा कुणाच्या मानेवर बसणार?

एअर इंडियाचा नियम होता. हवाईसुंदरीनं नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं की नोकरी खलास. पहिल्यांदा पोटुशी राहिली, तरी खलास. पुरुषांना ही अट नव्हती. १९८१ साली सुप्रीम कोर्टानं गरोदरपणाची अट मोडली, लग्नाची मात्र कायम ठेवली! असले नियम आपल्याला नकोत. उद्या आपल्या पोराचं वरच्या जातीच्या पोरीशी जमलं, तर पहिली नोकरी त्याचीच जाईल.

मग मोकळं रान सोडायचं? नाही. राजस्थानातली भंवरीदेवी, कुंभाराची बाई, सरकारी योजनेत साथिन. बालविवाह अडवायला गेली म्हणून १९९२ साली गावच्या वरचढ जातवाल्यांनी तिच्यावर बलात्कार केल्याची केस झाली. १९९५ साली खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण त्यातूनच महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ चा कायदा आला. हापिसांच्या भिंतीवर लटकणारा हा कायदा खेड्यातल्या बाईनं सोसून आणलाय.

आता आपलं बघा. इथले आदिवासी गुजरातेत ऊस तोडायला जातात. उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हिशेब कोयत्याचा, बाई त्यात गडप. मुकादमानं हात धरला तर तिनं सांगायचं कुणाला? कायदा म्हणतो, दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जा. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. पण मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी तीन. हंगाम सरेतोवर ती फडातच, अंगावर उचल, जिल्हा परका. मुदत तिथंच मरते.

म्हणून मागणी अशी करा: टोळी निघायच्या आधी बाईचं नाव वेगळं लिहा, समितीचा पत्ता तिच्या हातात द्या, समितीला फडावर यायला लावा. दोघांच्या राजीखुशीत मालकानं नाक खुपसू नये. ज्याच्या हातात उचल आणि हजेरी आहे, त्याचा हात बांधणारा नियम पाहिजे. तो मागून मिळणार नाही. टोळ्या निघायच्या आत कलेक्टर कचेरीवर चला, बायांना पुढं घेऊन.