कोरडा कापूस
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)

आदरणीय गुरुजन आणि इतक्या वर्षांनीही मला टोपणनावानेच हाक मारणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला, ‘कथेचे घटक’. मी सॉफ्टवेअरवाली बाई, कथा कधी लिहिली नाही. पण सरांनी फळ्यावर लिहून दिलेले घटक अजून पाठ आहेत: कथानक, पात्रे, संवाद, वातावरण, संघर्ष, निवेदन, शेवट. पाठ होते म्हणून गुण मिळाले. ते कशासाठी असतात, हे मात्र बाबा गेल्यावर कळलं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बाबांची एक गोष्ट आमच्या ओट्यावर ऐकली आहे. कापसाच्या एकाधिकार खरेदीचे दिवस. केंद्राबाहेर बैलगाड्यांची ही लांब रांग. बाबा तीन रात्री गाडीखाली झोपले. तिसऱ्या रात्री त्यांची शिदोरी नाहीशी झाली. बाबांनी अर्ध्या रांगेवर चोरीचा आळ घेतला. पहाटे पाहतात तर शेजारच्या गाडीचा बैल भाकरीचं फडकं चघळत उभा! आपण पोट धरून हसायचो.

आता घटक लावून पाहा. रांग, झोप, चोरी हा झाला घटनाक्रम. चोर कोण, ही उत्सुकता लागली की त्याचं कथानक होतं. बैल दिसणं ही कलाटणी. थंडी, कडब्याचा वास, कंदील हे वातावरण. गोष्ट अगदी नेटकी, सगळं जागच्या जागी. मला वाटायचं, ती संपली.

बाबांच्या तेरवीला कोणीतरी हीच गोष्ट काढली. सगळे हसले. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “त्याईले लय मजा आली असन. मी तीन राती दाराले कान लावून बसली व्हती. दुसऱ्या राती पाणी आलं. कापूस भिजला तं वर्षाचं काय, याचाच घोर. ते घरी आले तं घोंगडं वलंचिंब. म्या इचारलं, कापूस? म्हणे, कोरडा हाय. मंग मले समजलं.”

एवढंच. पुढे ती काही बोलली नाही.

तीच रांग, तेच तीन दिवस. पण निवेदक बदलला आणि दुसरीच कथा समोर आली. बाबांच्या कथेत संघर्ष बैलाशी होता. आईच्या कथेत तो पावसाशी, कापसाच्या प्रतीशी आणि आमच्या वर्षभराच्या पोटाशी होता. बाबांनी घोंगडी गाडीवर टाकली आणि रात्रभर स्वतः भिजले, हे आईनेही सांगितलं नाही. ओलं घोंगडं आणि कोरडा कापूस शेजारी ठेवले, बाकीचं आपल्याला कळलं. याला पुस्तकात सूचकता म्हणतात. आणि ‘मंग मले समजलं’ हे प्रमाण मराठीत सांगून पाहा, त्यातली आई निघून जाते. संवादाची भाषा म्हणजे वरून लावलेला रंग नव्हे. उद्धव शेळक्यांनी १९६० साली ‘धग’ कादंबरीत कौतिकच्या तोंडी आपली वऱ्हाडी ठेवली, ती यासाठीच. आपण मात्र वर्गात वऱ्हाडी शब्द निघाला की जीभ चावायचो.

हे शहाणपण आपल्या मातीला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आपल्या किती जवळ! महानुभाव पंथाच्या या गावाशी मराठीतलं सुरुवातीचं गद्य जोडलेलं आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या छोट्या गोष्टी केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त मांडल्या. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग त्याचा उलगडा म्हणजे दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्टही त्यात आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, त्याला तेवढाच हत्ती कळला. मी तीस वर्षं बाबांचा हत्ती खरा मानून बसले होते.

माझ्या कामात एखादी प्रणाली बंद पडली की आम्ही एकाच नोंदीवर विश्वास ठेवत नाही. जिथे जिथे नोंद झाली असेल, ती सगळी काढून पाहतो. घरात मात्र मी कधी दुसरी नोंद मागितली नाही. आईला एकदाही विचारलं नाही, “तू तेव्हा काय करत होतीस?” आणि तिची गोष्ट कळली तेव्हा बाबांना सांगायची सोय उरली नव्हती.

म्हणून मित्रहो, एक विनंती. आपल्या प्रत्येकाच्या घरी हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट असते. दिवाळीत गावी जाल तेव्हा ती पुन्हा निघू द्या. हसून झाल्यावर, जे माणूस गप्प बसलेलं असेल त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. व्याकरण दुरुस्त करू नका.

सर, तुम्ही घटक पाठ करून घेतलेत, ते वाया गेले नाहीत. थोडा उशीर झाला, एवढंच.