तेल का थिजते?

चंडीगढच्या पौषातील थंडीत खोबरेल बाटलीत थिजते; शेजारचे मोहरीचे तेल मात्र वाहते राहते. दोन्ही ग्लिसरीन व मेदाम्ले यांच्याच संयोगातून घडलेली. खोबरेलातील बहुतेक साखळ्या संपृक्त, म्हणून सरळ. त्या एकमेकींना बिलगतात आणि सुमारे २४ अंशांखाली तेल गोठते. मोहरीच्या साखळ्यांना द्विबंधांमुळे बाक येतो. त्या दाटीने रचल्या जात नाहीत. निकेलच्या साहाय्याने या द्विबंधांत हायड्रोजन भरला की तेलाचे वनस्पती तूप होते. परंतु क्रिया अर्धवट राहिली तर काही बाक सरळ होऊन ट्रान्स मेद उपजतात. ते हृदयाला घातक. म्हणूनच भारतात २०२२ पासून कारखान्यात निपजणाऱ्या अशा मेदांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. थिजलेले खोबरेल उन्हात ठेवताच पातळ होते. धमनीत साचलेला मेद तसा वितळत नाही.